आळत्याचे रान

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही उत्साहाच्या भरात ‘इंग्लंडातील एक वन व त्याचा परिसर’ असे सांगून मोकळे झालो. सांगून झाल्यावर ध्यानात आले की, इंग्लंडचे वन आम्ही डोळ्यांनी पाहिलेलेच नाही. जे काही पाहिले ते पुस्तकांच्या पानांत. आमच्या शालेय शिक्षणाची ही एक गंमतच म्हणावयाची. वर्डस्वर्थची डॅफोडिलची फुले आम्ही पाठ केली, ओक आणि बीच या झाडांची स्पेलिंगे घोकली. पण वर्गाच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या रामलिंगाच्या डोंगरावर कोणती झाडे उभी आहेत, हे आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. तेव्हा असे ठरविले की, आधी आपल्या दारचे रान पायांखाली घालावे आणि मग जमल्यास इंग्लंडकडे वळावे. श्रोत्यांनी विषयांतराबद्दल आम्हांला क्षमा करावी. इंग्लंड अगदीच सुटणार नाही. वाटेत ते भेटणार आहे.

गेल्या फाल्गुनात एका रविवारी आम्ही चौघे पहाटेच हातकणंगल्याहून निघालो. चौघांपैकी एक निवृत्त शिक्षक, ज्यांना जुनी कानडी वाचता येते. एक स्वतःची शेती करणारे. एक वनस्पतिशास्त्र शिकलेला तरुण. आणि चौथे आम्ही, ज्यांच्याकडे पिशवीत भाकरीपिठल्याखेरीज दुसरे काही नव्हते. मोठ्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या. आळत्याच्या वाटेला लागलो आणि त्यांचा आवाज मागे पडला.

आपला तालुका हा दोन नद्यांमधला प्रदेश आहे. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. या दोन्ही पाण्यांच्या मध्ये पन्हाळा-जोतिबाकडून पूर्वेला निघालेली टेकड्यांची एक तुटक ओळ येते. कोठे ती जमिनीत बुडते, कोठे पुन्हा डोके काढते. आळत्याचा डोंगर आणि कुंभोजचा बाहुबलीचा डोंगर ही त्याच ओळीची शेवटची टोके. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तिच्यात ऊस. आणि मध्ये ही खडकाळ, तांबूस, कोरडी उंची. नांगर येथे चालत नाही म्हणूनच रान राहिले. आमच्या शेतकरी मित्राने हे एका वाक्यात सांगितले : “जिथं ऊस येत न्हाई, तिथंच झाड जगतंय.” वनसंरक्षणाचा इतका स्पष्ट सिद्धांत आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

आळते हे आज एक मोठे खेडे आहे. परंतु कोल्हापूर संस्थानच्या जुन्या कागदांत या सबंध तालुक्याचे नाव ‘आळते’ असेच आहे. हातकणंगल्याला हे मोठेपण नंतर आले, आणि १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू होऊन येथे स्टेशन झाल्यावर ते पक्के झाले. आगगाडी जेथे थांबते तेथे कचेरी थांबते, असा त्या काळचा न्यायच होता.

या गावाच्या नावात एक मौज दडलेली आहे, आणि आमच्या सबंध सहलीत आम्हांला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते तिने. अळता म्हणजे लाखेपासून काढलेला तांबडा रंग. नवरीच्या पायांना, हातांना तो लावीत. संस्कृतात त्याला अलक्तक म्हणतात. आळते गावाचा संबंध ज्याच्याशी जोडला जातो, असा एक ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात ‘अलक्तकनगर’ नावाच्या नगराचा उल्लेख येतो. बदामीच्या चालुक्यांपैकी पहिला पुलकेशी राज्य करीत असताना त्याचा सेंद्रक कुळातला सामियार नावाचा सामंत कुहुंडी विषयावर अधिकारी होता. त्याने अलक्तकनगरात एक जिनालय बांधविले आणि त्यास जमिनी दिल्या, असा त्यातला मजकूर. काळ दिला आहे शके ४११, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाची अखेर.

ऐकून कोणाचीही छाती फुगावी! आपल्या दारच्या खेड्याला पंधराशे वर्षांची सनद! परंतु १८७८ साली फ्लीट यांनी हा लेख ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला तेव्हाच तो बनावट असल्याचे म्हटले. अक्षरांचे वळण त्या काळचे नाही, पुष्कळ नंतरचे आहे. पुढे बदामीच्या कड्यावर पहिल्या पुलकेशीचा खरा शिलालेख मिळाला, त्यात शके ४६५, म्हणजे इ. स. ५४३, हे वर्ष आहे. त्यात त्याने बदामीचा किल्ला बांधल्याची नोंद आहे. किल्ला बांधून राज्याचा पाया घालणारा पुरुष त्याच्या चौपन्न वर्षे आधीच सम्राटपदावर बसून सामंतांकरवी देवळांना जमिनी देत होता, हे जुळत नाही.

मग हा पट रद्दीत टाकावा काय? आमचे कानडी जाणणारे मित्र येथे थांबले. ते म्हणाले, खोटा दस्त करणारा माणूस एका बाबतीत फार खरा असतो. तो राजाचे नाव खोटे घालील, वर्ष खोटे घालील. पण ज्या जमिनीवर हक्क सांगावयाचा त्या जमिनीचे नाव तो खोटे घालूच शकत नाही. तसे केले तर त्याचा उद्योगच फुकट जाईल. जुनी सनद गहाळ झाली, जळाली, किंवा मुळात नव्हतीच. वहिवाट मात्र पिढ्यान्पिढ्यांची. अशा वेळी देवस्थानांनी नवे ताम्रपट घडवून घेतल्याची उदाहरणे दक्षिणेत कितीतरी आहेत. म्हणजे पुलकेशीच्या काळी अलक्तकनगर होते की नव्हते ते या पटावरून ठरत नाही. परंतु तो ज्या काळी कोरला त्या काळी त्या नावाचे गाव होते, तेथे जैन वसती होती, आणि तिच्या जमिनीवरून कोणाशी तरी भांडण होते, एवढे मानावयास हरकत नाही. भांडणावाचून कोणी तांबे खर्च करीत नाही.

आता यापुढचे अनुमान आमचे आहे, त्याची जबाबदारी इतिहासपंडितांवर नाही. अळता होतो लाखेचा. लाख होते एका बारीक किड्याची, आणि तो किडा राहतो पळस, बोर, कुसुंब, पिंपळ अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर. किड्यांची मादी फांदीवर राळेचा थर चढविते. तो थर खरवडून पाण्यात धुतला की तांबडा रंग सुटतो, आणि राहते ती लाख बांगड्यांना, मोहोरेला, सोनारकामाला जाते. तेव्हा ‘अलक्तक’ हे नाव जर खरोखरच या धंद्यावरून पडले असेल, तर या डोंगराच्या अंगाखांद्यावर एके काळी पळसाचे आणि बोरीचे भरगच्च रान असले पाहिजे, आणि ते रान खरवडून पोट भरणारे लोकही असले पाहिजेत. गाव आज राहिले आहे. रान आणि धंदा त्याच्या नावात उरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून रासायनिक रंग आले आणि लाखेच्या रंगाचा बाजार सर्व हिंदुस्थानभर बसला. त्यानंतर पळसाला जपण्याचे कारण लोकांना राहिले नाही. पत्रावळीपुरता तो राहिला, पुढे त्याही गेल्या.

गावातल्या एका वृद्ध बाईंना आम्ही अळत्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “आमच्या लग्नात लावलावता की पायास्नी. आता बाटलीत मिळतंय, त्येला वास येतोय.” त्यांनी गावाच्या नावाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. आम्ही जोडला तेव्हा त्या हसल्या आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

डोंगर चढताना आमच्या तरुण मित्राची जीभ सुटली. खालच्या अंगाला लावलेली झाडे : गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी. ओळीत उभी असतात, कवायतीला आल्यासारखी. वर जावे तसे मूळचे रान भेटते : खैर, हिवर, बोर, मोई, धावडा, मध्येच बहावा, खाली करवंदीची जाळी. दाट म्हणता येणार नाही. सह्याद्रीच्या दाजीपूरचे रान ज्याने पाहिले आहे तो याला रान म्हणावयासही तयार होणार नाही. येथे पाऊस बेताचा, खडक वरवर. पण फाल्गुनात या पानगळीच्या रानाला एक उघडेवागडे सौंदर्य असते. फांद्यांची रेषा न् रेषा दिसते, आणि त्यात एखादा पळस पेटलेला.

रामलिंगाला पोहोचलो. खडकातली गुहा, आत लिंग, आणि खडकातून झिरपणारे पाणी. वनवासात रामचंद्रांनी येथे लिंग स्थापिले अशी समजूत आहे. श्रावणात येथे गर्दी उसळते. त्या दिवशी पुजारी आणि आम्ही, एवढेच. देवाभोवतीची झाडे इतर डोंगरापेक्षा जुनी आणि उंच आहेत, हे कोणाच्याही लक्षात येईल. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावीत नाहीत. याच डोंगरावर पुढे धुळोबा आहे, अलीकडच्या काळात कुंथुगिरी हे जैन तीर्थही येथे उभे राहिले आहे. शैव, धनगर, जैन सर्वांनी आपापला देव या एकाच उंचीवर नेऊन ठेवला. हे या भागाला नवीन नाही. शिलाहार राजा गंडरादित्य याने बाराव्या शतकाच्या आरंभी इरुकुडी गावी ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत् या तिघांची देवालये केली व तिघांनाही जमिनी दिल्या, असे त्याचा ताम्रपट सांगतो. इरुकुडी म्हणजे आपले रुकडी, असे अभ्यासक मानतात. हेरल्यालाही त्याच राजाच्या वेळचा शके १०४० चा कानडी शिलालेख आहे. आज रुकडीचे स्टेशन गाडीतून ओलांडताना या गंडसमुद्राची आठवण किती जणांना होते, कोण जाणे.

रामलिंगाहून वर चढत असता एक प्रसंग घडला. तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

करवंदीच्या जाळीआडून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन येत होती. आम्हांला पाहताच तिने मोळी खाली टाकली आणि ती झाडाआड उभी राहिली. आमच्यापैकी दोघांच्या अंगावर खाकी रंगाचे सदरे होते, तेवढे पुरले. आम्ही हाक मारली, “मावशी, भिऊ नका, आम्ही इथलेच.” बराच वेळ ती बाहेर येईना. मग म्हणाली, “सायेब न्हवं व्हय तुमी? वाळलेलंच हाय वो समदं. वलं तोडत न्हाई आमी.” मोळी खरोखरच वाळक्या काटक्यांची होती. घरी गॅस नाही काय, असे आमच्या तरुण मित्राने विचारले. “हाय की. पर त्यो च्या-पान्यापुरता. सा मान्सांचं अंगुळीचं पानी त्येच्यावर तापवाय लागलो तर म्हयन्यात टाकी सपतीया.” आम्ही मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती घाईने उतारावरून निघून गेली, आणि वळणावर एकदा मागे वळून पाहिले. आमच्यावर तिचा विश्वास बसला होता असे म्हणवत नाही.

श्रोतेहो, इंग्लंड येथे भेटते.

लंडनच्या ईशान्येला एपिंगचे वन आहे. तेथे लाउटन नावाचे खेडे. या खेड्यातल्या लोकांना हिवाळ्यात वनातल्या झाडांच्या फांद्या सरपणासाठी छाटण्याचा जुना हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री वनात जाऊन पहिली फांदी छाटावयाची. ती छाटली नाही तर हक्क जातो, अशी लोकांची समजूत. झाड मुळापासून तोडावयाचे नाही. माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर बुंधा ठेवून फांद्या घ्यावयाच्या. तेथून नवीन धुमारे फुटतात, काही वर्षांनी पुन्हा छाटता येतात. उसाचा जसा खोडवा घेतो तसाच हा झाडाचा खोडवा, असे म्हटले की आपल्याकडे कोणालाही कळेल. अशी छाटलेली झाडे न छाटलेल्यांपेक्षा कैक पटींनी अधिक जगतात. इंग्लंडातली पुष्कळ जुनी वने ही माणसाने न शिवलेली म्हणून टिकलेली नाहीत. शतकानुशतके बेताने कापली म्हणून टिकलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात तेथल्या जमीनमालकाने वनाला कुंपण घालण्यास आरंभ केला. टॉमस विलिंगेल नावाचा एक म्हातारा मजूर होता. कुंपण असो नसो, त्याने व त्याच्या घरच्यांनी फांद्या छाटणे सोडले नाही. १८६६ मध्ये त्याचा मुलगा व पुतणे तुरुंगात गेले. म्हाताऱ्याने खटला लढविला, आणि निकाल लागण्यापूर्वीच १८७० मध्ये तो वारला. पण त्याने पेटविलेली गोष्ट विझली नाही. लंडनच्या नगरपालिकेने ती हाती घेतली, कुंपणे निघाली, आणि १८७८ साली पार्लमेंटने एपिंगच्या वनाचा कायदा करून ते लोकांना फिरावयास कायमचे मोकळे ठेवले. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी स्वतः तेथे आली.

आता १८७८ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्याच साली, त्याच राणीच्या नावाने, हिंदुस्थानात वनांचा कायदा झाला. त्याने वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे प्रकार पाडले, आणि राखीव वनात पाऊल टाकणे, गुरे चारणे, काटकी उचलणे या परवानगीच्या गोष्टी झाल्या. जे शतकानुशतके वहिवाट म्हणून चालत आले होते ते एका रात्रीत सवलत म्हणून देण्यात येऊ लागले, आणि सवलत ही केव्हाही काढून घेता येते. पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात या खात्याने गुरचरणी गिळल्याबद्दल, गोरगरिबांच्या शेळीला पाय ठेवावयासही जागा न राहिल्याबद्दल त्यांनी जो संताप व्यक्त केला आहे तो मुळातूनच वाचला पाहिजे. कोल्हापूर हे संस्थान असल्याने हा कायदा येथे थेट लागू नव्हता, हे खरे. परंतु शेजारी जी पद्धत असते तिचे वारे संस्थानात आल्यावाचून राहत नाही; आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ती आडभिंतही गेली.

एक कायदा इंग्लंडात लोकांना वन उघडून देतो, आणि त्याच वर्षीचा दुसरा हिंदुस्थानात लोकांपासून वन मिटवून घेतो, अशी जोडी लावून येथेच टाळ्या घेता आल्या असत्या. पण ते पुरते खरे होणार नाही. एपिंगचे वन उघडले ते फिरावयास आलेल्या लंडनकरांसाठी. विलिंगेलच्या गाववाल्यांचा फांद्या छाटण्याचा हक्क त्याच व्यवहारात संपला. त्याची नुकसानभरपाई म्हणून गावाला काय मिळाले, ठाऊक आहे? एक सभागृह! ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे छाटणीचे सभागृह, हे १८८४ साली लाउटनमध्ये बांधून झाले आणि आजही उभे आहे. सरपण गेले आणि व्याख्याने आली. आपण सर्व येथे एका व्याख्यानालाच बसलो आहोत म्हणून हे सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. मोळीवाल्या मावशीला आम्ही जर असा सौदा सांगितला असता, तर तिने काय उत्तर दिले असते याची कल्पना प्रत्येकाने करावी.

आपल्या राज्याने या बाबतीत काय विचार केला होता? रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हे कोल्हापूरच्या गादीच्या आश्रयाने सन १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेले. त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विषय येतो. गलबतांना मोठी लाकडे लागतात. रानातले सागासारखे लाकूड लागेल तेवढे परवानगीने घ्यावे; पण आंबा, फणस ही झाडेही उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये. का? तर ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. तोडली तर तिच्या दुःखाला पार नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मग तोडावे. जुलूम करू नये. किल्ल्यांच्या प्रकरणातही गडाभोवतीची झाडी राखण्याविषयी निक्षून सांगितले आहे. हे भूतदयेचे लेखन नव्हे, पक्क्या मुत्सद्द्याचे आहे. झाडाचा विचार करताना तो झाडाच्या धन्याचे मन आधी मोजतो. १८७८ च्या कायद्यातही अर्ज, चौकशी, दावे, मुदती हे सगळे आहे. पण रयतेच्या दुःखाला त्यात कलम नाही. अर्थात आज्ञापत्रातला उपदेश प्रत्यक्षात किती पाळला गेला ते वेगळे. मराठ्यांच्या फौजा मुलखातून गेल्या म्हणजे रयतेच्या आमराया सर्वत्र शाबूत राहत, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. तेथून सबंध तालुका खाली पसरलेला दिसतो. उत्तरेला वारणेची हिरवी रेघ. १७३१ च्या वारणेच्या तहाने हीच नदी साताऱ्याच्या शाहूंची आणि कोल्हापूरच्या संभाजींची सीमा झाली. तिच्या अलीकडे वडगाव, जेथे सेनापती धनाजी जाधव १७०८ साली वारले. त्यांची समाधी तेथे आहे. एका बाजूला बाहुबलीचा डोंगर, जेथे १९६३ साली अठ्ठावीस फूट उंचीची संगमरवरी मूर्ती उभी राहिली. त्याच्या पायथ्याचे कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. १८८७ साली या कोरड्या टेकडीखाली जन्मलेल्या माणसाने आपल्या संस्थेचे बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडावा, याचे आम्हांस उगीचच बरे वाटले. पश्चिमेला धुरकट पन्हाळा.

मधला सर्व प्रदेश ऊस. आमचे शेतकरी मित्र बराच वेळ पाहत बसले होते. त्यांच्या लहानपणी बांधाबांधावर बाभळी, आंबे, लिंब होते. पाणी आले, ऊस आला, आणि सावलीखालचे पीक पिवळे पडते म्हणून बांधावरची झाडे एकेक करून गेली. आपण स्वतः किती तोडली याचा त्यांनी आकडा सांगितला : अकरा आंबे. “गुऱ्हाळाच्या चुलवानात गेले,” असे म्हणून ते गप्प झाले. जे आंबे आज्ञापत्राने आरमारालाही दिले नाहीत ते असे गेले, आणि ते कोणा राजाने तोडले नाहीत, त्यांच्या धन्यानेच तोडले. हे आम्ही त्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. त्यांनी स्वतः होऊन सांगितले, आणि येथे सांगण्यास परवानगी दिली.

उसाच्या आधी या माळांवर गवत होते आणि गवतात काळवीट होते. शाहू महाराजांच्या आणि राजाराम महाराजांच्या काळी कोल्हापूर दरबारी चित्ते पाळीत. ते काळविटांवर सोडीत. हिंदुस्थानातले चित्ते संपत आल्यावर आफ्रिकेतून आणवीत. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे सरकारनेच जाहीर केले. त्याच्या आधीच त्याचे गवत नाहीसे होऊ लागले होते, पण त्याची जाहीर नोंद कोणी केली नाही.

उतरताना आमच्या तरुण मित्राने पळस मोजण्यास सुरुवात केली. जाताना-येताना मिळून वाटेच्या दोन्ही अंगांना सात भरले. प्रत्येकाच्या फांद्या त्याने वाकवून पाहिल्या. लाख कोठेही नव्हती. आम्ही त्याची थट्टा करीत होतो. गावाजवळ आल्यावर, एका पडक्या ओढ्याच्या काठी, बाभळीच्या गर्दीत एक बोर उभी होती. तिच्या एका फांदीवर, वीतभर अंतरात, तांबूस-तपकिरी खरखरीत पुटे चढलेली त्याला दिसली. त्याने हातरुमालात गुंडाळून एवढीच एक काडी काढून घेतली. बाकीची फांदी तशीच ठेवली.

ती काडी आम्ही येथे मेजावर पेल्याशेजारी ठेवली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जवळ येऊन पाहावी. नखाने थोडे खरवडून पेल्यातल्या पाण्यात टाकले तर थोड्या वेळाने पाण्याला रंग येतो; काल घरी आम्ही करून पाहिले आहे. काडी मात्र परत द्यावी. ज्यांच्या ओढ्याकाठची ती बोर आहे, त्यांना ती उद्या दाखवावयाची आहे.